घरगुती सेलसाठी चार्जरची निवड

विषयाची व्याप्ती

रक्तदाब मोजण्याचे यंत्र, मुलांची खेळणी, वायरलेस माउस, टॉर्च, कॅमेऱ्याचा फ्लॅश अशा वस्तूंना सुटे सेल लागतात. हे सेल वापरून फेकण्याऐवजी पुन्हा पुन्हा भारित केले, तर खर्च आणि कचरा दोन्ही घटतात. खरेदीच्या वेळी मात्र सगळे लक्ष सेलवर असते; त्यांच्या पाकिटाबरोबर जो चार्जर मिळेल तो तसाच घेतला जातो. वास्तविक सेल किती वर्षे चालेल हे ठरवण्यात चार्जरचा वाटा सेलच्या दर्जाइतकाच मोठा असतो. चांगला सेलही वाईट चार्जरमध्ये फार लवकर निकामी होतो, तर मध्यम दर्जाचा सेल चांगल्या चार्जरवर अनेक वर्षे काढतो. प्रस्तुत विवेचन डबल ए (दुकानात ‘पेन्सिल सेल’ म्हणून मिळणारा) आणि ट्रिपल ए (त्याहून बारीक, बहुतेक रिमोटमध्ये असणारा) या दोन मापांभोवती आहे. मोबाइल आणि लॅपटॉप यांच्या आतील बॅटऱ्या, तसेच इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी यांचे नियम वेगळे असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

सेलचे प्रकार

एकाच आकाराच्या डबल ए सेलच्या आत निरनिराळी रसायने असू शकतात, आणि चार्जर हा आकारासाठी नव्हे तर रसायनासाठी बनवलेला असतो. साधा झिंक-कार्बन आणि अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचे असतात. ते एकदाच वापरायचे. रिचार्जेबल सेलमध्ये सर्वांत जुना निकेल-कॅडमियम. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर याने तो १८९९ मध्ये तयार केला. कॅडमियम विषारी असल्यामुळे घरगुती वापरातून तो जवळजवळ बाहेर पडला आणि त्याची जागा १९९० च्या सुमारास बाजारात आलेल्या निकेल-मेटल हायड्राइड सेलने घेतली. या दोन्हींचा विद्युतदाब १.२ व्होल्ट. आज ‘रिचार्जेबल पेन्सिल सेल’ म्हणून जो मिळतो तो बहुधा निकेल-मेटल हायड्राइडच असतो. वेष्टनावर इंग्रजीत या नावाची आद्याक्षरे किंवा ‘एचआर ६’ (डबल ए) आणि ‘एचआर ०३’ (ट्रिपल ए) अशी खूण असते. याशिवाय १.६ व्होल्टचा निकेल-झिंक आणि सुमारे ३.७ व्होल्टचा लिथियम-आयन हेही त्याच मापात मिळतात. त्यांचे चार्जर पूर्णतः स्वतंत्र असतात.

१.२ व्होल्ट कमी पडतात का?

१.५ व्होल्टच्या जागी १.२ व्होल्टचा सेल चालेल का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर सेल रिकामा होताना काय घडते यात आहे. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टपासून सुरू होतो खरा, पण वापराबरोबर त्याचा दाब सतत उतरत जातो आणि सेल संपेपर्यंत १ व्होल्टच्या आसपास येतो. निकेल-मेटल हायड्राइड सेल मात्र बराच काळ १.२ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो आणि शेवटी झपाट्याने खाली येतो. अल्कलाइन सेल शेवटपर्यंत वापरू शकणारे उपकरण त्यामुळे १.२ व्होल्टवरही नीट चालते. शिवाय निकेल-मेटल हायड्राइडचा अंतर्गत रोध कमी असल्याने कॅमेऱ्याचा फ्लॅश किंवा मोटर असलेले खेळणे यांसारख्या, एकदम जास्त प्रवाह ओढणाऱ्या उपकरणांत तो अल्कलाइनपेक्षा सरस ठरतो. मर्यादा एवढीच की काही यंत्रांचा ‘बॅटरी कमी’ हा इशारा अल्कलाइनच्या दाबावर बेतलेला असतो. चार सेलच्या यंत्रात ६ ऐवजी ४.८ व्होल्ट मिळतात, त्यामुळे तो इशारा वेळेआधीच दिसू लागतो.

सेलच्या आत काय घडते

निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये धन बाजूला निकेलचे संयुग, ऋण बाजूला हायड्रोजन शोषून घेणारा मिश्रधातू आणि दोहोंमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा द्राव असतो. भारणाच्या वेळी (म्हणजे चार्जिंग चालू असताना) धन बाजूचे निकेल हायड्रॉक्साइड निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइडमध्ये बदलते आणि ऋण बाजूचा मिश्रधातू हायड्रोजन साठवतो. सेल वापरताना हीच क्रिया उलट घडते.

खरा प्रश्न सेल भरल्यानंतरचा आहे. धन बाजू पूर्ण भरल्यावरही प्रवाह चालू राहिला, तर त्याला करण्यासारखे रासायनिक काम उरत नाही. तो द्रावातील पाण्यापासून ऑक्सिजन वायू सोडवू लागतो. सेल बनवतानाच याचा विचार केलेला असतो. ऋण बाजूची क्षमता मुद्दाम जास्त ठेवलेली असते, म्हणजे ऑक्सिजन आधी धन बाजूला सुटतो, मधला पडदा ओलांडून ऋण बाजूला जातो आणि तेथे त्याचे पुन्हा पाणी होते. या पुनर्मीलनात उष्णता बाहेर पडते. प्रवाह थोडा असेल तर सेल नुसता कोमट होतो. प्रवाह मोठा असेल तर वायू शोषला जाण्याचा वेग अपुरा पडतो, आतला दाब वाढतो, सेलच्या टोपीतील सुरक्षा-झडप उघडते आणि वायूबरोबर द्रावही बाहेर जातो. एकदा गेलेला द्राव परत येत नाही. सेलची क्षमता कायमची कमी होते ती येथे. म्हणून चार्जरची पारख करताना तो किती लवकर भरतो याच्या आधी तो कधी थांबतो हे पाहावे लागते.

क्षमता, प्रवाह आणि वेळ

सेलवर लिहिलेला ‘एमएएच’ हा आकडा म्हणजे मिलिअँपिअर-तास. २००० एमएएचचा सेल तत्त्वतः २०० मिलिअँपिअर प्रवाह दहा तास देऊ शकतो. चार्जरचा प्रवाहही मिलिअँपिअरमध्येच लिहिलेला असतो, त्यामुळे भारणाचा वेळ काढणे सोपे आहे: क्षमतेला प्रवाहाने भागावे आणि वाया जाणाऱ्या ऊर्जेसाठी त्यात भर घालावी. ५०० मिलिअँपिअरच्या चार्जरवर २००० एमएएचच्या सेलला भागाकाराने चार तास, प्रत्यक्षात पावणेपाच ते पाच तास लागतात. प्रवाह फार कमी असला की वाया जाणारा भाग वाढतो. २०० मिलिअँपिअरच्या चार्जरवर हाच सेल दहा तासांत भरत नाही. त्याला १४ ते १६ तास द्यावे लागतात.

तंत्रज्ञ या प्रवाहाचे मोजमाप सेलच्या क्षमतेशी जोडून करतात. २००० एमएएचच्या सेलला २००० मिलिअँपिअर प्रवाह दिला तर तो ‘एक सी’, २०० दिला तर ‘शून्य दशांश एक सी’. एकच प्रवाह दोन सेलना सारखा नसतो हे यातून लक्षात येते. ८०० एमएएचच्या ट्रिपल ए सेलला ५०० मिलिअँपिअर हा प्रवाह पुष्कळच मोठा. २००० एमएएचच्या डबल एला तोच बेताचा. चांगला चार्जर ट्रिपल एच्या कप्प्यात आपण होऊन निम्मा प्रवाह देतो.

क्षमतेच्या आकड्याबद्दल सावधगिरी हवी. डबल ए मापात निकेल-मेटल हायड्राइडची वास्तव कमाल मर्यादा २७०० ते २८०० एमएएचच्या आसपास आहे आणि ट्रिपल एमध्ये ११००च्या आसपास. ३५०० किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला पेन्सिल सेल म्हणजे सरळ फसवणूक.

थांबण्याच्या चार पद्धती

चार्जरच्या किमतीतील फरक मुख्यतः येथून येतो. सर्वांत स्वस्त चार्जर थांबतच नाही. भिंतीवरच्या प्लगमध्ये थेट खोचला जाणारा, लाल दिवा सतत जळत ठेवणारा चार्जर हा या जातीचा. त्याचा दिवा प्रवाह चालू असल्याचे सांगतो, सेल भरल्याचे नव्हे. सेल काढण्याची आठवण घरातल्या माणसानेच ठेवायची असते आणि ती नेहमी राहत नाही. प्रवाह कमी असल्यामुळे एखाद्या रात्रीचा विसर सेलला फारसा बाधत नाही. आठवडाभर तसाच ठेवलेला सेल मात्र खराब होतो.

दुसरा प्रकार टायमरचा. ठरावीक तास झाले की प्रवाह बंद. वरकरणी ही सोय पुरेशी वाटते, पण टायमरला सेलची अवस्था माहीत नसते. अर्धा भरलेला सेल त्यात ठेवला तरी तो पूर्ण मुदतीचा प्रवाह देतो. महाराष्ट्रात विशेष जाणवणारा दोष आणखी वेगळा आहे. भारनियमनात किंवा पावसाळी वाऱ्याने वीज गेली आणि परत आली, की असा चार्जर पहिल्या तासापासून मोजायला सुरुवात करतो. भारण संपत आलेले असताना वीज जाऊन आली, तर सेलला जवळजवळ दुप्पट भारण मिळते. वीज वारंवार जाते अशा गावात टायमरचा चार्जर म्हणूनच घेऊ नये.

तिसरा प्रकार सेलच्या विद्युतदाबावर नजर ठेवणारा. पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा वर आला की पाणी थांबते, तसा हा भरलेपणाचीच खूण पाहून थांबतो. भारण चालू असताना निकेल-मेटल हायड्राइड सेलचा दाब हळूहळू चढतो, शेवटी १.४ ते १.५ व्होल्टच्या दरम्यान शिखर गाठतो आणि सेल भरताच किंचित खाली येतो. आत ऑक्सिजन सुटून सेल तापू लागल्याचा तो परिणाम असतो. ही घट फक्त ५ ते १० मिलिव्होल्टची, म्हणजे एका व्होल्टच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी असते. चार्जरमधील सूक्ष्म नियंत्रक ती टिपतो आणि प्रवाह तोडतो. खोक्यावर ‘मायनस डेल्टा व्ही’ असा उल्लेख असतो तो याच पद्धतीचा. ‘स्मार्ट’ हा शब्द कोणत्याही खोक्यावर छापता येतो, त्यामुळे या नेमक्या उल्लेखाला जास्त महत्त्व द्यावे. वीज जाऊन आली तरी असा चार्जर सेल नव्याने तपासतो आणि भरलेला असल्यास लवकरच थांबतो.

चौथी पद्धत तापमानाची. सेलला टेकलेला संवेदक तापमान किंवा त्याच्या वाढीचा वेग मोजतो. जलद भारणात मिनिटाला सुमारे एक अंश सेल्सिअस एवढी वाढ ही सेल भरल्याची खूण मानतात. दर्जेदार चार्जरमध्ये दाबाची घट ही मुख्य खूण, तापमान हा दुसरा पहारा आणि या दोन्ही हुकल्या तर टायमर हा शेवटचा, अशी तिहेरी योजना असते. तीन उपाय एकत्र असण्यात टायमरचा दोषही निघून जातो, कारण त्याच्यावर काम पडण्याची वेळ क्वचितच येते.

सावकाश भारण आणि एक गैरसमज

सेल जितका सावकाश भरावा तितका तो जास्त टिकतो, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. दाबाची घट ठळक दिसण्यासाठी प्रवाह पुरेसा असावा लागतो. प्रवाह क्षमतेच्या तीन दशांशांहून कमी असला तर शिखर इतके सपाट होते की नियंत्रकाला ते ओळखता येत नाही, आणि सेल भरल्यानंतरही भारण चालू राहते. म्हणून दाब पाहून थांबणाऱ्या चार्जरसाठी क्षमतेच्या निम्म्यापासून पूर्ण क्षमतेपर्यंतचा प्रवाह योग्य मानतात. २००० एमएएचच्या डबल एला म्हणजे सुमारे १००० मिलिअँपिअर. घरगुती चार्जर बहुतेक ५०० ते १००० मिलिअँपिअरचे असतात. ५०० मिलिअँपिअरही चालतात, कारण चांगल्या चार्जरचे मापन सूक्ष्म असते आणि मदतीला तापमानाची खूण असते. उलट पंधरा मिनिटांत भरून देणारे चार्जर सेलला फार तापवतात. त्यांना पंखा लागतो. रोजच्या घरगुती वापरात एवढ्या घाईची गरज नसते.

जोडी की स्वतंत्र कप्पे

चार सेल मावणारा चार्जर चारही सेलकडे वेगवेगळे पाहतोच असे नाही. अनेक चार्जर दोन-दोन सेल एकसरीत जोडून एकाच प्रवाहाने भरतात आणि दोघांच्या दाबाची बेरीज पाहतात. दोन्ही सेल सारख्याच अवस्थेत असतील तर हे ठीक. एक अर्धा आणि दुसरा पूर्ण रिकामा असेल तर पहिला लवकर भरून तापत राहतो आणि दुसरा तोवर अपुराच असतो. पुढे ही जोडी उपकरणात गेली की अपुरा सेल आधी संपतो, आणि जोडीतला दुसरा सेल त्याच्यातून उलटा दाब ढकलत राहतो. अशा उलट दाबाने सेल झपाट्याने बिघडतो. थोडक्यात, जोडीचा चार्जर सेलमधला लहान फरक प्रत्येक फेरीत मोठा करत नेतो.

स्वतंत्र कप्प्यांच्या चार्जरमध्ये प्रत्येक सेलसाठी निराळे मापन असते. एकच सेल लागणाऱ्या माउससाठी एकच सेल भरता येतो, डबल ए आणि ट्रिपल ए एकत्र ठेवता येतात, आणि खराब झालेला सेल बाकीच्यांना न बिघडवता उघडा पडतो. किमतीत भर पडली तरी घरासाठी हाच प्रकार घ्यावा. या एका बाबतीत तडजोड करण्याजोगी दुसरी बाजू नाही.

लेबल वाचण्याची रीत

चार्जरच्या पाठीवरचे बारीक अक्षरांतील लेबल खोक्यापेक्षा जास्त प्रामाणिक असते. त्यावरील ‘आउटपुट’ची ओळ पाहावी. तेथे १.२ ते १.५ च्या दरम्यान व्होल्ट, पुढे मिलिअँपिअर आणि त्यापुढे ‘गुणिले ४’ असेल, तर चारही कप्पे स्वतंत्र आहेत. २.४ ते ३ च्या दरम्यान व्होल्ट आणि ‘गुणिले २’ असेल, तर सेल जोडीने भरले जातात. डबल ए आणि ट्रिपल ए यांच्यासाठी प्रवाहाचे दोन वेगळे आकडे असणे ही चांगली खूण. दुसरी चाचणी दिव्यांची: चार कप्पे आणि दोनच दिवे म्हणजे जोडीचा चार्जर. एकच सेल ठेवून दिवा लागत नसेल तरी निष्कर्ष तोच.

‘इनपुट’च्या ओळीत १०० ते २४० व्होल्ट असा विस्तृत पल्ला असेल, तर ग्रामीण भागातल्या कमी-जास्त होणाऱ्या दाबावरही चार्जर चालतो. यूएसबीवर चालणाऱ्या चार्जरला ५ व्होल्ट लागतात, आणि घरात पडून असलेला मोबाइलचा अडॅप्टर किंवा पॉवर बँक त्याला जोडता येते. प्रवासात आणि वीज नसताना याचा उपयोग होतो. मात्र चारही कप्पे पूर्ण प्रवाहाने चालण्यासाठी अशा चार्जरला पुष्कळदा २ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. जुना अर्ध्या किंवा एक अँपिअरचा अडॅप्टर लावला तर भारण रखडते, आणि दोष विनाकारण सेलला दिला जातो.

उष्णता आणि जागा

निकेल-मेटल हायड्राइड सेल साधारण ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात भारित करावेत, असे उत्पादक सांगतात. मे महिन्यात चंद्रपूर किंवा नागपूर येथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि बंद खोलीत चार्जरच्या स्वतःच्या उष्णतेची त्यात भर पडते. अशा तापमानात सेल भारण नीट स्वीकारत नाही, दाबाची घट पुसट होते आणि तापमानाचा पहारा भारण अर्धवट तोडतो. सेल लवकर संपतात ही उन्हाळ्यातली तक्रार पुष्कळदा अशा अर्धवट भारणातून आलेली असते. भारण रात्री उशिरा किंवा पहाटे, हवेशीर जागी करावे. बंद ड्रॉवर, फ्रिजचा माथा, सेट-टॉप बॉक्सची पाठ, खिडकीतले ऊन या जागा टाळाव्यात. भारणाच्या अखेरीस सेल हाताला गरम लागणे स्वाभाविक आहे. हातात धरवत नसेल इतका तापला तर मात्र सेल किंवा चार्जर यांपैकी एक सदोष समजावा.

भरल्यानंतरचा थेंब-प्रवाह

सेल आपोआप थोडा थोडा रिकामा होत असतो. त्याला स्वविसर्जन म्हणतात. जुन्या पद्धतीचे निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसते ठेवून काही महिन्यांत रिते होत. २००५ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने ‘एनेलूप’ नावाने कमी स्वविसर्जनाचा सेल आणला आणि चित्र बदलले. या प्रकारचे सेल वर्षभर पडून राहिले तरी त्यांच्यात सत्तर टक्क्यांहून अधिक भार शिल्लक राहतो. आता अनेक कंपन्या ते बनवतात, आणि वेष्टनावर ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ असे लिहिलेले असते.

जुन्या सेलची गळती भरून काढण्यासाठी चार्जर भारण संपल्यावरही अल्प प्रवाह देत राहत. हा थेंब-प्रवाह क्षमतेच्या विसाव्या भागाएवढा असेल तर दीर्घकाळात सेलला हानिकारकच. तीनशेव्या भागाएवढा, म्हणजे २००० एमएएचला ७ मिलिअँपिअरच्या आसपास असेल तर निरुपद्रवी. कमी स्वविसर्जनाच्या सेलला त्याची गरजच नाही. हिरवा दिवा लागल्यावर दिवसभरात सेल काढून ठेवणे उत्तम. प्लग काढलेल्या चार्जरमध्येही सेल ठेवून देऊ नयेत. काही चार्जर तशा अवस्थेत सेलमधूनच अल्प प्रवाह ओढतात.

पडदा असलेले विश्लेषक चार्जर

काही चार्जरना छोटा पडदा असतो आणि त्यावर प्रत्येक सेलचा दाब, प्रवाह, वेळ आणि एमएएच दिसतात. त्यांचा खरा लाभ सेलची क्षमता मोजण्यात आहे. पण तेथे कोणता आकडा पाहायचा हे कळायला हवे. भारताना दिसणारे एमएएच हे सेलमध्ये घातलेले असतात, आणि त्यातला काही भाग उष्णतेत गेलेला असतो. म्हणून तो आकडा सेलच्या क्षमतेपेक्षा नेहमी मोठा येतो. खरी क्षमता कळते ती सेल पूर्ण भरून नंतर ठरावीक प्रवाहाने रिकामा करताना. ‘टेस्ट’ हा पर्याय हेच करतो. २००० एमएएच छापलेला सेल त्या चाचणीत १२०० दाखवू लागला, तर तो फ्लॅशमधून काढून घड्याळात लावावा. समान क्षमतेच्या सेलच्या जोड्या लावण्यासही हा चार्जर उपयोगी पडतो. ‘रिफ्रेश’ हा पर्याय सेल काही वेळा भरून रिकामा करतो आणि दीर्घकाळ पडून राहिलेल्या सेलची क्षमता बऱ्याच अंशी परत आणतो. द्राव गमावलेल्या सेलला मात्र त्याने जीव येत नाही.

अगदी रिता झालेला सेल, म्हणजे ज्याचा दाब एक व्होल्टच्याही बराच खाली गेला आहे असा, काही हुशार चार्जर ओळखतच नाहीत. तेथे तो जुना, न थांबणारा चार्जर उपयोगी पडतो: पाच-दहा मिनिटे त्यात ठेवून सेलचा दाब वर आणावा आणि लगेच चांगल्या चार्जरमध्ये हलवावा.

लिथियमचे सेल

लिथियम-आयन सेलचे भारण निराळ्या रीतीने चालते. आधी स्थिर प्रवाह, मग ४.२ व्होल्टवर स्थिर दाब, आणि प्रवाह अगदी उतरला की समाप्ती. ४.२ व्होल्टची ही मर्यादा सुमारे एक टक्क्याच्या अचूकतेने पाळावी लागते. ती ओलांडली तर सेल पेट घेऊ शकतो. शक्तिशाली टॉर्चमधला १८६५० सेल (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी) या प्रकारचा. त्याच्यासाठी त्याच रसायनाचा चार्जर वापरावा. दोन्ही रसायने हाताळणारे चार्जर मिळतात, पण ते सेल आपोआप ओळखणारे असावेत. हाताने पर्याय निवडायचा असेल तर घरातली एक चूक महागात पडते. १४५०० नावाचा लिथियम सेल तर हुबेहूब डबल एच्या मापाचा असतो. तो रिमोटमध्ये गेला तर दुप्पट-तिप्पट दाबाने रिमोट जळतो.

अलीकडे १.५ व्होल्टचे रिचार्जेबल लिथियम सेल आले आहेत. त्यांच्या अंगावरच यूएसबीची खाच असते आणि आत दाब कमी करणारे सर्किट. १.५ व्होल्टच हवे असणाऱ्या उपकरणांना ते सोयीचे. पण त्यांच्यावर एमएएचऐवजी मिलिवॉट-तास छापलेले असतात आणि त्यातून गोंधळ होतो. २६०० मिलिवॉट-तासांचा लिथियम सेल आणि २००० एमएएचचा निकेल-मेटल हायड्राइड यांची तुलना करताना दुसऱ्याला १.२ ने गुणावे: उत्तर २४०० मिलिवॉट-तास. फरक अगदी थोडा निघतो. हे सेल संपताना पूर्वसूचना न देता एकदम बंद पडतात, त्यामुळे रक्तदाबाच्या यंत्रात एक भरलेला संच हाताशी असावा. त्यांच्यातील सर्किटमुळे मध्यम लहरींवरच्या रेडिओत खरखर येते. आकाशवाणी ऐकण्याच्या जुन्या रेडिओला निकेल-मेटल हायड्राइडच बरे.

अल्कलाइन सेल चार्जरमध्ये नको

साधा किंवा अल्कलाइन सेल चुकून चार्जरमध्ये गेला तर त्यात वायू तयार होऊन तो गळतो, क्वचित फुटतो. चांगला चार्जर सेलचा अंतर्गत रोध तपासून असा सेल नाकारतो आणि दिवा उघडमीट करतो. लहान मुले असलेल्या घरात ही सोय आवश्यकच मानावी.

नोंदणी आणि विल्हेवाट

भारतात रिचार्जेबल सेलना आयएस १६०४६ हे मानक लागू आहे आणि भारतीय मानक ब्युरोकडे त्यांची नोंदणी सक्तीची आहे. मोबाइलचे अडॅप्टरही याच सक्तीच्या नोंदणीत येतात. वेष्टनावर मानकचिन्हाजवळ ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपवर पडताळता येतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या सेलच्या संकलनाची व पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि असे सेल घरच्या इतर कचऱ्यात न मिसळता वेगळे देणे हे ग्राहकाचे कर्तव्य. लिथियमच्या सेलच्या टोकांवर चिकटपट्टी लावूनच ते द्यावेत, म्हणजे एकमेकांना टेकून ठिणगी पडत नाही.

विजेचा खर्च

२००० एमएएचचे चार सेल भरायला सेलच्या बाजूने ९.६ वॉट-तास ऊर्जा लागते. भारणातली आणि चार्जरमधली घट धरून भिंतीतून सुमारे १५ ते २० वॉट-तास जातात. एका युनिटमध्ये, म्हणजे १००० वॉट-तासांत, चार सेलचा संच पन्नासहून अधिक वेळा भरतो. चार्जर निवडताना विजेची बचत हा मुद्दा विचारात घेण्याचे कारण नाही.

कोणत्या घराला कोणता चार्जर

ज्या घरात सेल फक्त भिंतीवरच्या घड्याळात आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये आहेत, तेथे चार्जर घेऊ नये. ही उपकरणे वर्षभर एका सेलवर चालतात. साधा सेलच तेथे परवडतो. खेळणी, माउस, रक्तदाबाचे यंत्र यांत महिन्या-दोन महिन्यांनी सेल बदलावे लागत असतील, तर चार स्वतंत्र कप्प्यांचा, दाबाची घट ओळखणारा, डबल एला ५०० ते १००० मिलिअँपिअर देणारा चार्जर आणि कमी स्वविसर्जनाचे २००० एमएएचच्या आसपासचे आठ सेल हा संच पुरतो. चार वापरात, चार भरून तयार. २५०० एमएएचचे सेल एका भारणात जास्त चालतात, पण भारणाच्या एकूण फेऱ्या पुष्कळच कमी सोसतात, म्हणून ते छायाचित्रकारांनाच योग्य. पडद्याचा विश्लेषक चार्जर लग्नसमारंभाचे छायाचित्रकार, वायरलेस माइक वापरणारी नाट्यमंडळे, शाळेच्या प्रयोगशाळा यांना उपयोगी. सामान्य घराला त्याची आवश्यकता नाही. घरात आधीचा न थांबणारा किंवा जोडीचा चार्जर असेल, तर नवे सेल घेण्याआधी तो बदलावा.